चित्रांचा मोबदला
पाठ्यपुस्तकातील फुलाचे चित्र कोणी काढले, हे आपण क्वचितच पाहतो. वॉल्टर फिच (१८१७-१८९२) ग्लासगोत कापडावरच्या नक्षीकामाची उमेदवारी करत होता. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांनी त्याला हेरले. १८३४ पासून तो ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’साठी चित्रे काढू लागला. पुष्कळदा तो थेट छपाईच्या शिळेवरच रेखाटन करी, आणि तेही उलटे! क्यू उद्यानाच्या प्रकाशनांचा तो एकमेव चित्रकार झाला, पण पैसे हूकर पदरचे देत. पुढे मोबदल्यावरून हूकरपुत्र जोसेफ यांच्याशी बिनसले आणि १८७७ मध्ये त्याने काम सोडले.

तरी फिचचे नाव टिकले. १८५५ च्या हिमालयीन वनस्पतींच्या ग्रंथातील बहुतेक चित्रे दार्जिलिंगच्या भारतीय चित्रकारांवरून घेतलेली. शीर्षकपानावर नावे मात्र संग्राहक कॅथकार्ट आणि फिच यांची.