सफेद मुसळीचे ऊतिसंवर्धन

सफेद मुसळीच्या कोंबाचा बारीक तुकडा निर्जंतुक पोषक माध्यमात वाढवून त्यापासून एकसारखी अनेक रोपे तयार करण्याची पद्धत. केळीच्या रोपांमुळे वऱ्हाडात रुळलेले तिचे नाव ‘टिश्यू कल्चर’.

वनस्पती : क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम हे शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडले; सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात या जातीचे वर्णन केले. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या जंगलात मुसळी आढळते. पावसाळ्यात जमिनीलगत पानांचा झुबका येतो. पाऊस सरल्यावर पाने वाळतात आणि मांसल मुळ्यांचा घोस जमिनीत सुप्त राहतो. सॅपोनिनयुक्त मुळ्या बलवर्धक म्हणून वापरतात.

गरज : बियांची उगवण कमी असते, म्हणून लागवड मुळ्यांनीच करतात. मुळीला खोडाच्या चकतीचा डोळा असलेला भाग चिकटलेला नसेल, तर ती फुटत नाही. सोलून वाळवली की जी मुळी माल होते, तीच राखली की बेणे होते. त्यामुळे बेणे महाग पडते आणि जंगलातल्या मुसळीवर ताण येतो.

कृती : चकतीवरचे कोंब धुऊन निर्जंतुक करतात आणि मुराशिगे-स्कूग (१९६२) माध्यमावर ठेवतात. त्यात क्षार, जीवनसत्त्वे, साखर व अगार असते. सायटोकायनिन या वाढ-संप्रेरकामुळे फुटवे वाढतात. ते विभागून पुन्हा नव्या माध्यमावर लावतात. शेवटी ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाने मुळे फुटतात. मुसळीच्या अशा गुणनाचा अभ्यास उदयपूरच्या पुरोहित व सहकाऱ्यांनी १९९४मध्ये प्रसिद्ध केला.

मर्यादा : बाटलीतल्या दमट हवेत वाढलेले रोप उघड्यावर लगेच कोमेजते. अकोला-अमरावतीत उन्हाळी पारा कधी ४५ अंश सेल्सिअसपल्याड जातो. म्हणून रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणे (हार्डनिंग) शेडनेटमध्ये, ओलावा हळूहळू कमी करत करावे लागते. मधल्या टप्प्यात नुसत्या पेशींचा गोळा (किण) वाढवला, तर रोपांत फरक पडू शकतो. कोंबापासून थेट फुटवे घेणे त्या मानाने सुरक्षित.

तुलना : अंजनगाव सुर्जी परिसरातील पानपिंपरी ही औषधी वनस्पती वेलाच्या कांड्यांनी सहज लागते आणि विकली जातात ती तिची फळे. लावण्यासाठी विकाऊ माल मोडावा लागत नाही. मुसळीसारखी प्रयोगशाळेची निकड तिथे भासत नाही.