मशागत आणि राखण

गोव्याकोकणातला काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला आणि त्याचे नावही तेथील तुपी लोकांच्या भाषेतून त्याच्यासोबत आले. त्याच ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात, आक्रे नावाचे राज्य आहे. अरण्य राखावे की पोट भरावे, या प्रश्नाचे उत्तर तेथील रबर काढणाऱ्या कष्टकऱ्यांनी स्वतःच्या रक्ताने लिहिले. त्यांची कथा आज वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे.

१८७७ साली ब्राझीलच्या ईशान्य भागात भीषण दुष्काळ पडला. हजारो कुटुंबे रबराचा चीक काढण्यासाठी अरण्यात गेली. मालक त्यांना शिधा उधारीवर देई, रबर आपल्यालाच विकण्यास भाग पाडी आणि कर्ज कधी फिटू देत नसे. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनला नेल्या होत्या. त्यांच्या रोपांपासून सिलोन-मलायात मळे उभे राहिले आणि १९१३ च्या सुमारास त्यांनी ब्राझीलला मागे टाकले. धंदा बसला, अनेक मालक निघून गेले. कष्टकरी मात्र अरण्यातच राहिले.

रबराचे मळे ब्राझीलमध्येच का लावले नाहीत, असे कोणी विचारील. १९२८ पासून हेन्री फोर्ड यांनी तापाजोस नदीकाठी तसा प्रयत्न केला. परंतु रबराची झाडे दाटीने लावताच पानांवर बुरशीचा रोग पसरला आणि १९४५ साली मळे सोडून द्यावे लागले. आपल्या जन्मभूमीत हे झाड इतर असंख्य झाडांमध्ये विखुरलेले असते, तेव्हाच निरोगी राहते. म्हणजे अरण्य तुटले की रबर काढणाऱ्याची उपजीविकाही तुटली.

ती तुटण्याची वेळ १९७० नंतर आली. लष्करी राजवटीने अरण्यातून महामार्ग काढले आणि गुरांच्या कुरणांसाठी सवलती दिल्या. वर्षावनाची श्रीमंती बहुतांशी झाडापाल्यात असते, मातीत नव्हे. म्हणून झाडे जाळून केलेले कुरण थोड्याच वर्षांत निकस होते. तरीही झाडे पडत राहिली. तेव्हा १९७६ पासून रबर काढणारे बायकामुलांसह जाऊन यांत्रिक करवतींपुढे उभे राहू लागले आणि तोडणाऱ्या मजुरांची समजूत घालू लागले. या अडवणुकीला ते 'एम्पाते' म्हणत.

ख्रिस्तसभा या लढ्यापासून दूर राहिली नाही. भूमीच्या प्रश्नासाठी तिने १९७५ साली खास आयोग स्थापिला. आक्रेचे बिशप मोआसिर ग्रेची यांनी प्रारंभीच्या काळात त्याचे अध्यक्षपद सांभाळले. १९८० साली कामगार पुढारी विल्सन पिन्येरो यांची हत्या झाली. पुढे शापुरी गावचे शिको मेंदेस पुढारी झाले. बालपणापासून त्यांनी रबरच काढले होते. १९८५ साली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी नवी कल्पना मांडली : जमीन शासनाची, वापराचा हक्क तेथील कुटुंबांचा. चीक काढावा, रानमेवा वेचावा, थोडी शेती करावी. अरण्य मात्र उभे ठेवावे. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांच्या घरीच त्यांना गोळी घातली गेली. त्यानंतर १९९० साली सुमारे ९.७ लाख हेक्टरांचे राखीव क्षेत्र त्यांच्या नावाने घोषित झाले.

खाणींचा इतिहास याहून कटू आहे. १९८० च्या दशकात सोन्याच्या शोधात हजारो लोक यानोमामी आदिवासींच्या प्रदेशात घुसले. पाऱ्याने नद्या विटाळल्या, हिवतापाने वस्त्या ओस पडल्या. १९९२ साली त्या प्रदेशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. तरी घुसखोरी पुन्हा वाढली आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

कायद्याचा उपयोग नाही, असे मात्र नव्हे. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली २७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य तुटले होते. देखरेख कडक होताच २०१२ साली ते प्रमाण ५,००० च्या आत आले. देखरेख ढिली होताच २०२१ साली ते पुन्हा १३,००० वर गेले आणि २०२४ साली सुमारे ६,३०० पर्यंत उतरले. परंतु कायद्यालाही मर्यादा आहेत. मेंदेस यांच्या नावाच्या क्षेत्रातही रबराला भाव मिळेना, तेव्हा काही कुटुंबांनी झाडे तोडून गुरे पाळली. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण त्यांच्या चुलीकडे पाहावे. अरण्य राखणाऱ्याच्या घामाला जग योग्य मोल देत नसेल, तर त्याने ते कोणाच्या भरवशावर राखावे?

१२ फेब्रुवारी २००५ रोजी पारा राज्यात सिस्टर डोरोथी स्टँग यांची हत्या झाली. अरण्य न उजाडता गरीब कुटुंबांना शेती करता यावी, यासाठी ७३ वर्षांची ही धर्मभगिनी झटत होती. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मनुष्याला बागेत ठेवतो, तेव्हा मशागत आणि राखण ही दोन्ही कामे तो एकाच माणसाच्या हाती देतो. मशागत एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे, अशी वाटणी आपण केली. आक्रेच्या त्या निर्धन माणसांनी ती दोन्ही कामे पुन्हा एकत्र आणू पाहिली, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.