विनाशुल्क विद्या आणि संगणकाचा नवा हुन्नर

वाचकहो, संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करण्याचे, शिक्षण आज फी न घेता मिळू शकते ही बातमी आता आपल्या खेड्यापाड्यांतही पोचली आहे. ती ऐकून दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतो, "जे फुकट मिळते त्याची किंमत ती काय?" दुसरा म्हणतो, "फी नाही ना, मग शिकून टाकू, आपले काय जाते?" या दोघांचेही म्हणणे इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. विनाशुल्क विद्येची परंपरा जुनी आहे आणि तिचे काही नियमही आहेत. ते नियम पाळले तेथे माणसे नव्या धंद्याला लागली आणि सोडले तेथे नुसते दाखले भिंतीवर राहिले. पेण-रोहा पट्ट्यातील आपल्या मुलामुलींच्या दृष्टीने हा इतिहास थोडक्यात पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुसलमान वाचकाला पहिले उदाहरण सांगायला नकोच. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ साली, बद्रची लढाई झाली. पकडलेल्या कैद्यांपैकी काहींना लिहिता येत होते, पण सुटकेची रक्कम देण्याची त्यांची ऐपत नव्हती. अशांनी प्रत्येकी दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि तीच त्यांची खंडणी समजावी, असे हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी ठरविले, असे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. मदीनेच्या मुलांना फी नव्हती, पण शिकवणाऱ्याची सुटका मुले प्रत्यक्ष लिहू लागल्यावरच होती. हजेरीने काम भागत नव्हते. विनाशुल्क विद्येचा हा पहिला नियम होय : फी माफ, पण तपासणी माफ नाही.

तेथून थेट मुंबईच्या भायखळ्याला येऊ. गिरण्या आणि रेल्वे वाढल्यावर यंत्र जाणणाऱ्या माणसांची गरज पडली आणि १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. त्याआधी, १८७४ साली, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. मुसलमान मुलांना नव्या काळाची विद्या मिळावी ही त्यामागची कळकळ होती. पुढे १९३६ साली मोहम्मद हाजी साबू सिद्दिक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था भायखळ्यातच उभी राहिली. १९८४ साली तिला अभियांत्रिकी महाविद्यालयाची जोड मिळाली. यंत्रशाळा नुसत्या उपदेशावर चालत नाही. लेथ हवा, लोखंड हवे, वीज हवी, उस्ताद हवा. विद्यार्थ्याने हा सारा भार उचलावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तो भार दात्याने, वक्फने किंवा सरकारने उचलला म्हणूनच गरिबाचा मुलगा यंत्रापर्यंत पोचला. हा दुसरा नियम : विद्या फुकट नसते, तिचे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरलेले असतात.

आता आपल्या भागाकडे वळू. कोकणातील मुसलमान तरुणाची वाट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. खलाशी म्हणून जहाजावर जायचे, नाही तर मुंबईत नोकरी धरायची. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची वाट उघडली. इकडे आपल्याच अंगणात रसायनी, धाटाव, नागोठणे येथे कारखाने उभे राहिले. १९८६ साली आपट्याहून रेल्वे हमरापूर, पेण, नागोठणे करीत रोह्यापर्यंत आली. गाडी दाराशी आली, कारखाना दाराशी आला, पण ज्याच्या हाती आयटीआयचा दाखला होता त्याला एक दार आणि ज्याच्या हाती नव्हता त्याला दुसरे. काम जवळ येणे आणि काम मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या पट्ट्याने तेव्हाच घेतला. संगणकाच्या बाबतीत तोच धडा दुसऱ्यांदा गिरवण्याची पाळी येऊ नये.

संगणकाचा इतिहास तर आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावाशीच जुळतो. १९८१ पर्यंत आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्याच नावाच्या मुंबईतील भागात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तरुणांनी एक संगणक बांधला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. या तरुणांपैकी फारसा कोणी संगणकाचे शिक्षण घेऊन आलेला नव्हता, कारण तसे शिक्षण देशात नव्हतेच. यंत्र बांधता बांधता, चुकता चुकता ते शिकले. नव्या विद्येत पदवी मागाहून येते आणि हात आधी बसतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पुढे ही विद्या बाजारात आली. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली, १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली, १९८८ साली पुण्यातच सी-डॅक उभी राहिली. मागणी वाढताच शहरोशहरी खाजगी क्लास निघाले आणि त्यांची फी मध्यम वर्गालाही जड जाऊ लागली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यांच्या गावी नेला. १९९६ साली स्थापन झालेल्या उर्दू भाषा विकास परिषदेनेही उर्दू जाणणाऱ्यांसाठी संगणक केंद्रे काढली. या उपक्रमांचे ऋण मोठे आहे. परंतु येथे एक फरक ध्यानात घ्यावा. संगणक वापरता येणे वेगळे आणि संगणकाला काम सांगता येणे वेगळे. पहिल्याने माणूस टायपिस्ट होतो, हिशेबनीस होतो. सॉफ्टवेअर लिहिणारा होण्यासाठी दुसरे यावे लागते.

हे दुसरे शिक्षण गरिबाच्या आवाक्यात आणणारी घटना दूर अमेरिकेत घडली. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली तयार करण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जगापुढे ठेवले. इंग्रजीत 'मोफत' आणि 'मुक्त' यांना एकच शब्द आहे, म्हणून तेथे घोटाळा होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते नीट वापरावेत. ही साधने मुक्त होती, म्हणूनच शिकणाऱ्याला ती मोफत मिळू शकली. सुताराला करवत, पटाशी आणि रंधा विनामूल्य मिळावा तसे हे झाले.

आयआयटी मुंबईचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी याच पायावर 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा केला. २००९ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण मोहिमेचे साहाय्य त्याला मिळाले. सुमारे दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती, त्यांतील बोलणे मराठीसह अनेक भारतीय भाषांत, आणि विषय लिनक्स, सी, जावा, पायथन, पीएचपी यांसारखे. पद्धत साधी आहे. चित्रफीत थोडी पाहायची, थांबवायची, तेच आपल्या यंत्रावर करून बघायचे, मग पुढे जायचे. चित्रफिती एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटही लागत नाही. ज्या मुलाची गाडी इंग्रजीपाशी अडते, त्याच्यासाठी हे मोठेच दार आहे.

तरीही नुसत्या चित्रफितीने माणूस नोकरीला लागत नाही, आणि हे जगाने अनुभवाने ओळखले आहे. २०१३ साली पॅरिसमध्ये झेवियर नील यांनी '४२' नावाची शाळा काढली. तेथे फी नाही आणि नेहमीचे शिक्षकही नाहीत, पण विद्यार्थी एकमेकांचे काम तपासतात. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईस येथे जिम मॅकेल्वी यांनी 'लाँचकोड' सुरू केले. तेथे विनाशुल्क शिक्षणाला कंपनीतील उमेदवारीची जोड दिली गेली. आपल्याकडे २०१६ साली निघालेल्या 'नवगुरुकुल'ने गरीब घरच्या मुलामुलींच्या राहण्याजेवणाचाच भार उचलून सॉफ्टवेअर शिकवले. तीन ठिकाणे, तीन उणिवा ओळखल्या : तपासणारा हवा, पुढे काम देणारा हवा, आणि शिकण्याच्या काळात पोट भरायला हवे.

यात परदेशी असे काय आहे? हमरापूर-जोहे परिसरातील गणेशमूर्तींचे कारखाने पाहा. शिकाऊ पोरगा तेथे फी देत नाही. आधी माती, मग साचा, मग घासकाम, मग रंग, आणि हात पुरता बसल्यावरच डोळ्यांची आखणी. प्रत्येक पायरीवर जाणत्या कारागिराची नजर असते आणि चुकलेले काम तिथल्या तिथे दुरुस्त होते. शिकतो तेथेच त्याला कामही मिळते. आपल्या शेजाऱ्यांच्या या कारखान्यांनी जो नियम जपला आहे, तोच संगणकाच्या वर्गाला लावायचा आहे.

येथे एक सावधगिरीची सूचनाही करणे भाग आहे. २०२२ च्या अखेरीपासून मागितल्याबरोबर आज्ञावली लिहून देणारी यंत्रणा सर्वांच्या हाती आली आहे. नवशिक्याचे सोपे काम यंत्र करू लागले, तर नुसती घोकंपट्टी केलेल्याला विचारणार कोण? ज्याला चूक ओळखता येते, ज्याला गिऱ्हाइकाची अडचण समजते, त्याची गरज मात्र राहणारच. म्हणून "सहा महिन्यांत नोकरी" असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे आणि पैसे मागून नोकरीची हमी देणाऱ्यापासून त्याहून दूर.

वाचकहो, आपल्याला नवी इमारत नको आहे. संध्याकाळी रिकामी असणारी शाळेची एक खोली, दहा जुनी पण चालू यंत्रे, त्यांवर लिनक्स आणि मराठी चित्रफिती, एवढ्याने सुरुवात होते. त्याहून मोलाचा आहे तो आठवड्यातून एकदा काम तपासणारा जाणता माणूस. पुण्यामुंबईत किंवा आखातात या धंद्यात असलेली आपलीच मुले दूर बसूनही हे करू शकतात. मुलींसाठी वेळ दिवसाची ठेवावी आणि येण्याजाण्याच्या भाड्याची सोय करावी. पहिला विद्यार्थी कामाला लागला की त्याने दहा जणांना शिकवावे, हीच त्याची फी समजावी. जकात आणि सदका देताना ज्यांना असे काम आठवेल, त्यांनी एका मुलाचे सहा महिन्यांचे गाडीभाडे जरी उचलले, तरी या जुन्या परंपरेत त्यांचा वाटा पडेल.