खंडोबाची मुरळी : नवस, विवाह आणि कायदा

कोणाचा विवाह व्हावा, कोणाचा होऊं नये आणि स्त्रीपुरुषांच्या कोणत्या संबंधास संसार म्हणावें, हें महाराष्ट्रांत बहुतेक काळ धर्माचारानेंच ठरविलें. तो आचार मात्र सर्व समाजाला एकच नव्हता. पांढरपेशा वर्गांत विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध होता. १८५६ च्या कायद्यानें त्यास मान्यता दिल्यावरही तो निषेध पुष्कळ वर्षें टिकला. उलट कुणबी, धनगर, महार इत्यादि समाजांत विधवेस पाट लावण्याची व काडीमोड घेण्याची मुभा पूर्वापार होती. पण अशा मोकळ्या आचाराच्या समाजांतही मुलींचा एक वर्ग विवाहास कायमचा मुकलेला असे. तो वर्ग म्हणजे खंडोबाच्या मुरळ्या.

बारामती तालुक्यांतील कोऱ्हाळे बुद्रुक आणि आसपासचीं गांवें नीरेच्या खोऱ्यांत वसलेलीं आहेत. जेजुरीचा गड तेथून फार दूर नाहीं. सोमवती अमावास्येस देवाची पालखी ज्या कऱ्हेवर स्नानास जाते, तीच नदी पुढें बारामतीवरून जाऊन नीरेस मिळते. या मुलखांत अनेक घरांचें कुलदैवत खंडोबा. नवें जोडपें लग्नानंतर जेजुरीस जातें, वर वधूला उचलून गडाच्या कांहीं पायऱ्या चढतो, भंडारा उधळला जातो आणि जागरण घातलें जातें. त्यावांचून लग्नकार्य पुरें झालें असें जुनीं माणसें मानीत नाहींत.

देवाच्या स्वतःच्या विवाहाची कथा तर याहूनही रसाळ आहे. म्हाळसा ही लिंगायत वाण्याची मुलगी. तिच्याशीं झालेला देवाचा विवाह दरवर्षीं पौषांत सातारा जिल्ह्यांतील पाली येथें साजरा होतो. दुसरी बाणाई, धनगराची कन्या. तिच्यासाठीं देव वेष पालटून धनगरवाड्यावर चाकरीस राहिला व त्यानें मेंढरें राखलीं, अशी लोककथा आहे. जातीबाहेर मन गेलेल्या या देवाला लोकांनीं दूषण दिलें नाहीं. दोघी सवतींच्या भांडणाचीं गाणीं रचून तीं जागरणांत कौतुकानें गायिलीं.

परंतु ज्या देवानें स्वतः आवडीनें लग्न केलें, त्याच्याच नांवानें मुलींचीं लग्नें त्यांची आवड न विचारतां लावलीं जात. मूल होत नसलें किंवा झालेलें जगत नसलें, म्हणजे आईबाप पहिलें मूल देवास वाहण्याचा नवस करीत. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. मुलीस हळद लावून देवाशीं तिचें लग्न लावीत आणि गळ्यांत कवड्यांची माळ घालीत. वाघ्यास पुढें संसार करण्यास आडकाठी नसे. मुरळीस मात्र असे. विधवेला पाट लावतां येई, कारण तिचा पति निवर्तलेला. मुरळीचा पति प्रत्यक्ष देव. तो मरत नाहीं, म्हणून तिला पाटही नाहीं. तिला वैधव्य नव्हतें, पण घरही नव्हतें. जागरणांत गाणें आणि भिक्षा मागणें हा तिचा चरितार्थ. एखाद्या पुरुषानें तिला ठेवली, तर रूढि त्यास हरकत घेत नसे. मात्र तिला त्याची पत्नी म्हणूनही मानीत नसे. या वाटेनें कित्येक मुरळ्या शहरांतील वेश्यावस्तींत पोंचल्या.

या चालीविरुद्ध जोराचा आवाज उठला, तो जिच्या मुली जात होत्या त्या समाजांतूनच. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनीं १९०८ सालीं ‘सोमवंशीय मित्र’ हें पत्र काढलें आणि त्यांतून मुली देवास सोडण्यावर टीका केली. शिवूबाई नांवाच्या मुरळीनें आपली हकीकत याच पत्रांतून लोकांपुढें मांडली; पुढें चळवळींतील एका कार्यकर्त्यानें तिच्याशीं विवाह केला. देवाची म्हणून जिला संसार नाकारला गेला, तिच्याशीं उघडपणें लग्न लावणें हें शंभर व्याख्यानांहून परिणामकारक होतें. विठ्ठल रामजी शिंदे यांनींही जेजुरीच्या या प्रथेविरुद्ध चळवळ केली. जून १९३६ मध्यें मुंबईस देवदासी, वाघे, मुरळ्या यांच्या सभेंत डॉ. आंबेडकरांनीं त्यांस हें जिणें सोडून देण्यास स्पष्ट शब्दांत सांगितलें.

तत्पूर्वीं १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत देवदासी संरक्षणाचा कायदा झाला होता. देवतेस स्त्री अर्पण करणें त्यानें बेकायदा ठरविलें. त्याहून महत्त्वाचें असें कीं, अर्पण केलेल्या स्त्रीनें केलेला विवाह वैध आहे, असें त्यानें जाहीर केलें. म्हणजे जो हक्क रूढीनें देवाच्या नांवें काढून घेतला होता, तो कायद्यानें तिला परत दिला. २००५ सालीं महाराष्ट्रानें याबाबत नवा कायदा केला व त्यांत अशा स्त्रियांच्या पुनर्वसनाचीही तरतूद केली.

जागरणें आजही होतात, दिमडी-तुणतुणें वाजतें, मुरळी गाते. गाणाऱ्यांपैकीं अनेक जणी आतां स्वतःच्या संसारांत असलेल्या कलावंत स्त्रिया आहेत. भंडाराही पूर्वींसारखाच उधळला जातो. मुलगी वाहण्याची चाल मोडतांना लोकांना खंडोबा सोडावा लागला नाहीं. नवस देवापुढें बोलला जाई, पण त्याची किंमत ठरविणारीं माणसेंच होतीं. म्हणूनच ती माणसांना बदलतां आली.