विद्यापीठाच्या कपाटातील शहापूर आणि मुरबाड

शहापूर तालुक्याकडून मुंबईला काय जाते, असे कोणी विचारले तर शाळकरी मूलही 'पाणी' असे उत्तर देईल. १८९२ साली तानसा धरण पुरे झाले, पुढे भातसा धरणाची भर पडली. परंतु पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांतून आणि भोवतालच्या सह्याद्रीतून मुंबईस गेली. ती म्हणजे येथली माती, झाडे, लेणी आणि माणसे यांच्याविषयीची माहिती. ती टिपणवह्यांतून गेली, प्रबंधरूप झाली आणि मुंबई विद्यापीठाच्या व त्याच्या महाविद्यालयांच्या कपाटांत विसावली. त्या कपाटात काय काय आहे आणि आपल्या घरांशी त्याचा काय संबंध, हे या लेखात पाहण्याचा आमचा विचार आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. प्रारंभी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते केवळ परीक्षा घेणारे व पदव्या देणारे मंडळ होते. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम होते. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांनी १८८४ साली दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला आणि पुढे विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले. सातवाहनांचा इतिहास उभा करताना ज्या साधनांवाचून चालत नाही, त्यांत नाणेघाटातील लेख आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून ही वाट चढू लागते आणि माथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, राणी नागनिकेच्या काळचे लेणे लागते. तेथील लेखातील अंकांचा पं. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७७च्या सुमारास अभ्यास केला, तेव्हा भारतीय अंकलेखनाच्या इतिहासाला मोठा आधार मिळाला. ओझी वाहणारे आपले पूर्वज ज्या भिंतीजवळून पिढ्यानपिढ्या गेले, ती भिंत अशी विद्वानांनी वाचली.

इतिहासाचे हे काम आपल्या समाजाच्या परिचयाच्या एका संस्थेतही झाले. स्पेनहून आलेले येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी १९२२ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहासाचे अध्यापन सुरू केले आणि १९२६ साली तेथे इतिहास संशोधन संस्था स्थापिली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुस्तकावर विसंबू नका, नाणे, ताम्रपट व लेख स्वतः पाहा, अशी शिस्त त्यांनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना लावली. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराईस यांचा कदंब राजवंशावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला.

त्याच महाविद्यालयात वनस्पतींचा संग्रह आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीतील फादर हर्मेनगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी, १९५१ साली, त्यांचा एका वनस्पतिकुलावरील अभ्यास विद्यापीठानेच छापला होता. ते कुल अडुळशाचे, आणि आपल्या कारवीचेही. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच डोंगरभर फुलते आणि बी धरून वाळून जाते. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप देऊन घर उभारणाऱ्याला हे ठाऊकच होते. शास्त्रज्ञाने त्याला वर्ष, स्थळ आणि शास्त्रीय नाव दिले.

आता शेतीकडे वळू. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. झाडांचे टाहाळ, पालापाचोळा, गवत आणि शेण जमिनीवर पसरून पेटवायचे आणि पावसाच्या तोंडी तेथे बी टाकायचे, ही रीत फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जंगल राखीव होऊ लागले, तेव्हा वनखात्याच्या दृष्टीने टाहाळ तोडणारा शेतकरी हा जंगलाचा वैरी ठरला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ही गाऱ्हाणी इतकी वाढली, की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाची रासायनिक तपासणी करून १९१२ साली ती प्रसिद्ध केली. राखेचा उपयोग किती आणि मातीला लागलेल्या आचेचा किती, असा तो शोध होता. याच मॅन यांचा पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेतील पहिला ग्रंथ म्हणून निघाला. १९९० साली विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातील इंद्रा मुन्शी यांनी ठाणे जिल्ह्यातील पारंपरिक शेतीवर निबंध लिहून जंगल, सरकार आणि शेतकरी यांच्या संबंधांच्या अंगाने या रीतींकडे पाहिले. अडाणीपणा म्हणून जिची संभावना झाली, त्या रीतीची अशी गंभीर दखल घेतली गेली.

समाजशास्त्र विभागाचा उल्लेख आला, तेव्हा त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. हा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला. १९२४ पासून १९५९ पर्यंत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याची धुरा वाहिली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे त्यांचेच विद्यार्थी. त्या काळात आपल्या भागातील जमातींवर एकापाठोपाठ एक ग्रंथ आले. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ साली, सावे यांचा वारल्यांवरील १९४५ साली आणि स्वतः घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील १९५७ साली. खैराचा कात करणारा कातकरी जंगल बंद झाल्यावर कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवर कसा पोचला, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याला जुन्या नोंदींकडे जावेच लागते.

या अभ्यासकांत एकमत मात्र नव्हते. ख्रिस्त सेवा संघाबरोबर १९२७ साली पुण्यास आलेले आणि पुढे मध्य भारतातील आदिवासींत राहिलेले व्हेरिअर एल्विन म्हणत, की या लोकांचे जीवन बाहेरच्यांच्या आक्रमणापासून जपले पाहिजे. घुर्ये यांनी १९४३ साली ग्रंथ लिहून याचा प्रतिवाद केला. त्यांच्या मते हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक होते आणि दोहोंमधील सीमारेषा स्पष्ट नव्हती.

हा वाद ग्रंथालयापुरता राहिला असता तर आम्ही त्याचा प्रपंच येथे केला नसता. तो आज आपल्या मुलांच्या दारी आला आहे. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी असल्याच्या एका दाव्यावर निकाल देताना जमातीच्या दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. तपासणी समितीने दक्षता पथक पाठवावे आणि दैवते, विधी, लग्नाची रीत, मृत्यूनंतरचे संस्कार यांची चौकशी करावी, असे त्यात सांगितले. म्हणजे कोणा अभ्यासकाने पूर्वी नोंदविलेली चालरीत हा एखाद्या मुलाच्या प्रवेशाचा किंवा नोकरीचा मापदंड होऊ शकतो. परंतु रीती बदलतात. आश्रमशाळेत वाढलेल्या मुलाला आजीचे विधी सांगता आले नाहीत, तर तो त्या जमातीचा नाही काय? २०२३च्या मार्च महिन्यात, ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की चालीरीती जुळण्याची कसोटी ही एकमेव निर्णायक कसोटी मानता येणार नाही. ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी हे तिन्ही समाज आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांना ते लेखन वाचता येणे किती निकडीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आणि येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. वर उल्लेखिलेले बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. विद्यापीठाच्या पहिल्याच दशकात वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर काढण्यात आले होते. रानड्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले, तेव्हा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम.ए.च्या परीक्षेत तिला पुन्हा स्थान मिळाले. १९०१च्या जानेवारीत रानडे निवर्तले. पण संशोधनाची मुख्य भाषा इंग्रजीच राहिली. त्यामुळे कातकऱ्याने आपल्यावरील ग्रंथ वाचून 'हे असे नाही' असे कधी म्हटले नाही. त्याला ते म्हणण्याची संधीच मिळाली नाही. अभ्यासकांची निष्ठा आम्ही कमी लेखत नाही. त्यांनी लिहून ठेवले नसते तर पुष्कळ काही कायमचे नाहीसे झाले असते. परंतु सार्वजनिक विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते. त्याचे ज्ञान जनतेपर्यंत पोचणे हा उपकार नसून तो हिशेबाचा भाग आहे.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. शहापुरात आणि मुरबाडजवळ शिवळे येथे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केल्यापासून पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात जमा होऊ लागले असून ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांत मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत.

म्हणून आमच्या वाचकांना आमचे सांगणे एवढेच, की घरातील मुलगा किंवा मुलगी एम.ए.चा अभ्यास करीत असेल, तर विषय निवडताना तिने आधी आपल्या गावाकडे पाहावे. राब भाजणारे, कारवीचे कूड लिंपणारे, भट्टीवरच्या मुकादमाची उचल फेडणारे वृद्ध अजून आपल्यात आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, नाव व तारीख घालून लिहून घ्यावे. शक्य तर प्रबंध मराठीत लिहावा, आणि तो पुरा झाल्यावर ज्यांनी माहिती दिली त्यांच्या अंगणात बसून तो त्यांना वाचून दाखवावा. त्यांनी एखादी चूक काढली, तर तीही नोंदवावी.