पाऊस वाजवणारे मग

आज इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहोत, आणि ती आहे ऑपेऱ्याची. तुमच्यापैकी कुणी मुंबईला गेल्या असाल तर चर्नी रोड स्टेशनजवळचं ऑपेरा हाऊस बाहेरून तरी पाहिलं असेल. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे तिथे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची नाटकं झाली, मग सिनेमे लागले, १९९३ ला ते बंद पडलं आणि २०१६ ला पुन्हा उघडलं. पत्ता सांगताना हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण ऑपेरा म्हणजे काय हे आमच्या गटात विचारलं, तर एकजण म्हणाली, "बायका किंचाळतात ते."

ते अगदीच खोटं नाही! ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधूनमधून पद येतं. तिकडे बहुतेक सगळंच गाण्यात असतं, भांडणसुद्धा आणि निरोपसुद्धा. १६०० च्या आसपास इटलीत, राजेरजवाड्यांच्या दरबारात याची सुरुवात झाली. पुढे १६३७ मध्ये व्हेनिस शहरात तिकीट काढून बघायचं थिएटर निघालं. तरी हा प्रकार मोठ्यांचा आणि पैसेवाल्यांचाच राहिला. लहान मुलांना नेलंच, तर हालायचं नाही, खोकायचं नाही, समजलं नाही तरी गप्प बसायचं. अशी नेलेली मुलं पुन्हा कशाला जातील?

ही रीत मोडणारे लोक पुष्कळ होऊन गेले. आम्ही त्यातल्या एकाबद्दल सांगणार आहोत, कारण त्याच्या कामात स्वयंपाकघराचा आणि महिला मंडळाचा हात आहे.

त्याचं नाव बेंजामिन ब्रिटन. १९१३ चा जन्म, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा, दातांच्या डॉक्टरचा मुलगा. मोठा संगीतकार झाल्यावरही तो लंडनला न राहता ऑल्डबरा या समुद्रकाठच्या लहानशा गावात राहिला. १९४८ साली त्याने मित्रांबरोबर तिथे संगीताचा उत्सव सुरू केला. गावात थिएटर कसलं, एक ज्युबिली हॉल होता. दुसऱ्याच वर्षी, १४ जून १९४९ ला, त्या हॉलमध्ये त्याने मुलांसाठी एक खेळ केला. नावच होतं, "चला, ऑपेरा करू या".

पहिल्या भागात पडदा उघडल्यावर ऑपेरा दिसतच नाही. काही मोठी माणसं आणि मुलं बसून ठरवतात की आपण ऑपेरा करायचा. गोष्ट कुठली, कोण काय होणार, यावर बोलणी होतात. मग वाद्यवृंदाला खुणा करणारा माणूस बघणाऱ्यांकडे वळतो आणि म्हणतो, तुम्हालाही गायचं आहे. चार गाणी तो सगळ्या हॉलला तिथल्या तिथे शिकवतो. एका गाण्यात तर हॉलचे गट पाडतात आणि एकेका गटाला एकेका पक्ष्याचा आवाज वाटून देतात. ही तालीम झाल्यावर खरा ऑपेरा सुरू होतो. म्हणजे तिकीट काढून बसलेल्या आजोबांनाही घुबड व्हावं लागायचं.

ऑपेऱ्याची गोष्ट १८१० सालातली. सॅम नावाचा आठ वर्षांचा मुलगा, बापाने पैशापायी विकलेला. त्याचं काम मोठ्या घरांच्या धुराड्यांत शिरून काजळी खरवडण्याचं. धुराडी अरुंद, म्हणून माणूस लहानच लागायचा. एका घरात सॅम धुराड्यात अडकतो. त्या घरातली मुलं दोरीने त्याला ओढून बाहेर काढतात, खेळण्यांच्या कपाटात लपवतात, न्हाऊ घालतात आणि दुसऱ्या दिवशी पेटीत घालून पळवून नेतात.

सॅम मनाचा असला तरी तशी मुलं खरी होती. आठ वर्षांखालच्या मुलांना या कामाला लावू नये असा कायदा इंग्लंडमध्ये १७८८ सालीच झाला होता. तो कुणी पाळला नाही. पुढेही कायदे होत गेले, मुलं धुराड्यांत चढतच राहिली. शेवटी १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा एका हॉस्पिटलच्या धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कडक कायदा आला आणि ही प्रथा थांबली. जवळजवळ नव्वद वर्षं गेली. कोयत्याबरोबर कारखान्यावर जाणारी मुलं ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांना कायदा होणं आणि तो पाळला जाणं यांत किती अंतर असतं हे सांगायला नको.

ब्रिटनने मुलांना ऑपेऱ्याची ओळख करून देताना परीची गोष्ट घेतली नाही. मुलांना मुलाचीच गोष्ट दिली, तीही कामाला जुंपलेल्या मुलाची. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलांसाठी म्हटलं की गुळगुळीत काहीतरी द्यायचं, ही मोठ्यांची सवय सगळीकडे सारखीच आहे.

आता स्वयंपाकघराकडे येऊ.

१९५८ मध्ये ब्रिटनने मुलांसाठी दुसरं मोठं काम केलं, "नोआज फ्लड", म्हणजे नोहाचा महापूर. गोष्ट बायबलमधली. देव पूर पाठवणार असतो, नोहा मोठी नाव बांधतो आणि त्यात घरच्यांना आणि जनावरांच्या जोड्यांना घेतो. शब्द ब्रिटनने नवे लिहिले नाहीत. चेस्टर नावाच्या गावात शेकडो वर्षांपूर्वी अशी धार्मिक सोंगं निघत, आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत देखाव्यांच्या गाड्या निघतात तशी. एकेक गाडी एकेका धंद्यातल्या लोकांची असे. नोहाच्या पुराचं सोंग कुणाकडे होतं ठाऊक आहे? डी नदीचं पाणी वाहून आणणाऱ्या पाणक्यांकडे! ही सोंगं १५७५ नंतर बंद पडली, पण त्यांचे शब्द लिहून ठेवलेले राहिले. ब्रिटनने तेच घेतले.

१८ जून १९५८ ला ऑल्डबराजवळच्या ऑर्फर्ड गावातल्या चर्चमध्ये याचा पहिला खेळ झाला. ब्रिटनने लिहूनच ठेवलं होतं की हे काम चर्चमध्ये किंवा मोठ्या सभागृहात करावं, थिएटरात करू नये. कसलेले गायक त्यात दोनच, नोहा आणि त्याची बायको. देवाच्या आवाजाला एक मोठा माणूस लागतो, आणि वादकांत थोडे जाणते. बाकी सगळी मुलं. नोहाची पोरं-सुना मुलं, जनावरं मुलं, वाजवणारीही बहुतेक मुलं. नोहाचा एक मुलगा झालेला मायकेल क्रॉफर्ड पुढे लंडनच्या रंगभूमीवर फार गाजला. आमचा जीव मात्र मागच्या रांगेतल्या मुलांवर आहे.

कारण ब्रिटनने आधी संगीत लिहून मग ते येणारी मुलं शोधली नाहीत. मुलांना काय येतं ते बघून तेवढंच लिहिलं. ज्यांना व्हायोलिन चांगलं येतं त्यांना अवघड भाग, जी नुकतीच शिकू लागली आहेत त्यांना नुसत्या मोकळ्या तारा ओढायचं काम. शाळेत शिकवतात ती साधी उभी बासरी वाऱ्यासाठी घेतली. बिगूल वाजवणाऱ्या पोरांना जनावरांच्या मिरवणुकीपुढे उभं केलं. जवळपासची काही मुलं हातात धरून वाजवायच्या घंटा वाजवत, त्या त्याच्या कानावर पडल्या आणि शेवटी इंद्रधनुष्य निघतं तिथे त्या आल्या. मोकळी तार ओढणारं पोरही खऱ्या वादकांच्या शेजारी बसलं, आणि ते थांबलं असतं तर तेवढी जागा रिकामी राहिली असती.

राहिला पाऊस. पहिले टपोरे थेंब पडतात तो आवाज कशाने काढायचा, ते ब्रिटनला सुचत नव्हतं. त्याच्याबरोबर काम करायच्या इमोजेन होल्स्ट. संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची मुलगी, स्वतः संगीतकार, आणि लढाईच्या काळात खेड्यापाड्यांत फिरून लोकांना गायला-वाजवायला शिकवलेली बाई. तिकडे विमेन्स इन्स्टिट्यूट नावाची गावोगावची महिला मंडळं आहेत. पहिलं मंडळ १८९७ मध्ये कॅनडात निघालं, ब्रिटनमध्ये १९१५ साली. लढाईत साखरेला रेशन असताना सरकारने या मंडळांना मुरांबे करायला वेगळी साखर दिली होती, कारण वाया जाणारी फळं टिकवायची कुणी, तर त्यांनीच. त्यांच्या बैठकीत कामकाजानंतर थोडा वेळ करमणुकीचा असे. वाद्यं विकत घ्यायला पैसे नसत. इमोजेनबाईंनी त्या बायकांना घरातल्या वस्तूंवर ताल धरायला शिकवलं होतं.

त्यांनी ब्रिटनला आपल्या स्वयंपाकघरात नेलं. दोरीवर चिनी मातीचे मग ओळीने टांगले आणि लाकडी डावाने वाजवून दाखवले. लहान-मोठ्या मगांतून टप्, टुप् असे वेगवेगळे आवाज निघाले. ब्रिटनला पाऊस मिळाला. आजही हा ऑपेरा जिथे होतो तिथे वाद्यांच्या यादीत व्हायोलिनबरोबर टांगलेले मग लिहिलेले असतात. थेंब सुरू होतात तेव्हा ते वाजतात, आणि वादळ ओसरताना पुन्हा वाजतात. डाव धरून ते वाजवायचे मुलांनीच.

ज्या बायकांच्या बैठकीत ही युक्ती वापरून झाली, त्यांची नावं त्या यादीत नाहीत. आम्हाला याचं नवल वाटलं नाही.

नोहाच्या बायकोचंही तसंच. बायबलमध्ये तिला नावच नाही. चेस्टरच्या सोंगात मात्र ती भारी आहे. पाणी चढायला लागलं तरी ती मैत्रिणींबरोबर पीत बसते. नावेत चढ म्हटलं तर म्हणते, माझ्या मैत्रिणींना घेणार असाल तर येते, नाहीतर तुम्ही जा. शेवटी पोरं तिला उचलून नावेत नेतात आणि ती नोहाच्या कानाखाली ठेवून देते. चर्चमध्ये सगळे हसतात. आम्ही रेडिओ केंद्रात याची रेकॉर्ड ऐकली तेव्हा आधी हसलो, मग गटातल्या काकू म्हणाल्या, "चुकीचं काय बोलली ती? मैत्रिणी बुडाल्याच ना?" त्यावर कुणी बोललं नाही.

पूर ही त्या चर्चमधल्या लोकांनाही ऐकीव गोष्ट नव्हती. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र त्याच किनाऱ्यावर चढला होता. इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. ऑल्डबऱ्यात पाणी शिरलं, ब्रिटनच्या घरातही आलं. त्याला पाच वर्षं झाली होती. जनावरं झालेल्या मुलांपैकी थोरल्यांना ती रात्र आठवत असणार. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेकाठी ज्यांनी दावी कापून गुरं सोडली, त्यांना जनावरांची ती मिरवणूक ऐकताना काय वाटेल ते आम्ही समजू शकतो.

वादळ शिगेला पोचतं तेव्हा नावेतले लोक प्रार्थना म्हणू लागतात. समुद्रावर गेलेल्यांसाठी तिकडे म्हणतात ती. आणि मग बघायला आलेलं सगळं चर्च उभं राहून त्यांच्यात आवाज मिसळतं. आई, बाप, कोळी, दुकानदार, गाता येणारे आणि न येणारे. अशा प्रार्थना तीन वेळा आहेत. सगळ्यांना आधीपासून पाठ असलेल्याच त्याने निवडल्या, त्यामुळे शिकवायची गरज पडली नाही. आपल्याकडे आरतीला उभं राहिल्यावर कुणी चुकतं का?

रेकॉर्डमधली जुनी इंग्रजी आम्हाला एक अक्षर कळली नाही. पण मग वाजले तेव्हा केंद्रात चहा घेऊन आलेली दहा वर्षांची पोर दारातच थांबली आणि म्हणाली, "पाऊस पडतोय." तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नंतर तिने आमचेच कप चमच्याने वाजवून पाहिले. स्टीलचे होते, त्यामुळे थेंबाऐवजी शाळेच्या घंटेसारखा आवाज आला. चिनी मातीचे जाडजूड मग कुणाच्या घरी असतील तर शुक्रवारच्या बैठकीला घेऊन या. लहान, मोठे, कान तुटलेला सोडून कुठलेही चालतील.