प्रत्यारोपणानंतरचा खोकला : संशय औषधावरही घ्यावा

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर काही महिने सुरळीत गेलेल्या रुग्णाला कोरडा खोकला सुरू होतो, जिना चढताना धाप लागते, अंगात कसकस राहते. पहिली शंका जंतुसंसर्गाची येते आणि ती रास्तच असते. रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दडपलेली असते. त्यातून आपल्याकडे क्षयरोगाचे भय कायमचे. मात्र प्रतिजैविके देऊनही खोकला हटत नाही आणि तपासण्यांत जंतूही सापडत नाहीत, तेव्हा नव्या अवयवाला जपणाऱ्या औषधाकडेच संशयाने पाहावे लागते. सिरोलिमस हे असे एक औषध.

ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून त्याला रॅपामायसिन असेही म्हणतात. कॅनडातील प्रयोगशाळेत त्यावर वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणारे डॉ. सुरेन सेहगल भारतीय वंशाचे होते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे मूत्रपिंडालाच इजा करू शकतात; सिरोलिमसचे आकर्षण त्यामुळे वाढले. पण २००० मध्येच फ्रान्समधील डॉक्टरांनी ते घेणाऱ्या रुग्णांत फुफ्फुसदाह आढळल्याची नोंद केली. त्याच गटातील एव्हरोलिमसमुळेही असा दाह होतो.

सीटी स्कॅनमध्ये बहुधा दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागांत धुरकट चट्टे दिसतात. तेवढ्यावरून निदान होत नाही. श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलेला द्रव तपासतात, संसर्गाची शक्यता निकालात काढतात आणि मगच औषधाला दोषी धरतात. रक्तातील औषधाची पातळी वाढली की धोका वाढतो. बुरशीविरोधी काही गोळ्यांनी ती वाढते. पातळी योग्य असतानाही दाह होऊ शकतो, हे विसरून चालत नाही.

औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सुधारतात. काहींना स्टेरॉइड द्यावे लागते. निदानास उशीर झाल्यास मात्र जिवावर बेतू शकते. गोळ्या परस्पर बंद करणेही तितकेच घातक, कारण शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते. बदल प्रत्यारोपण तज्ज्ञानेच करायचा असतो. खोकल्यासाठी घराजवळच्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी.